हौसाचं पाऊल

“पाय! कोणाचे पाय येऊन राहिले बे?”

मोहरील साहेब ओरडले तसे आम्ही सगळे होतो तिथं थिजलो. तातोबा मुकादमाचा एक पाय उचललेला होता, तो तसाच हवेत राहिला.

“तातोबा, तूच!”

“न्हाई सायेब. मी कवाचा लंगडीवर हुबा हाय.”

“मग ठेव तो खाली. हळू ठेव. अंडं ठेवल्यासारखा.”

तातोबानं पाय अंड्यासारखाच ठेवला, तरी यंत्राची सुई कागदावर थरथरली. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

हिवाळ्याची सकाळ होती. नदीवरचं धुकं नुकतंच उठलं होतं आणि चहूकडं मोहरीची शेतं पिवळी झाली होती. आमची गँग साताऱ्याकडची. धरणाच्या कामावर बोअर मारायला शिकलेली माणसं. उत्तरेत एका मोठ्या नदीच्या काठी अणुभट्टी उभी राहायची होती, तिथं आम्हाला नेलं होतं. जमिनीत खोल भोकं पाडायची आणि खालची माती थराथरानं वर काढून द्यायची, हे आमचं काम.

आम्ही डोंगरातले. हातभर खणलं की खणकन धोंडा लागतो, हे आमचं जमिनीबद्दलचं ज्ञान. तिथं मात्र कितीही खाली जा, वाळू. मग चिकणमाती. मग परत वाळू. तातोबा म्हणायचा, “ह्या मुलखात माणसाला वैतागून डोसकं आपटायचं म्हटलं, तर धोंडा गावायचा न्हाई.” माझ्या बायकोनं, हौसानं, पाटा-वरवंटा गावाहून आगगाडीतून आणला होता. कॉलनीतल्या बायका चटणी वाटायला म्हणून यायच्या आणि त्या काळ्या दगडावरून हात फिरवत बसायच्या.

मोहरील साहेब नागपूरकडचे. अंगानं काटकुळे, गळ्यात मफलर, तोंडात कायम सुपारी. ते म्हणायचे, “एवढी जड इमारत अशा मऊ जमिनीवर बसवायची, तर आधी जमिनीला विचारलं पाहिजे न. भूकंप आला तर ही जमीन इमारतीला कशी हलवंल? आणि एवढं वजन डोक्यावर घेतल्यावर ती स्वतः कशी वागंल?” हे विचारण्यासाठी त्यांनी आमच्याकडून जमिनीत सिमेंटचा मोठा ठोकळा ओतून घेतला होता आणि त्याच्यावर एक यंत्र बसवलं होतं. यंत्राच्या पोटात लोखंडी चाकं होती, एकाच बाजूला जड केलेली. ती फिरू लागली की सगळा ठोकळा हिसके खायचा. आम्ही त्याला ‘येडं जातं’ म्हणायचो. ठोकळ्याभोवती जमिनीत लोखंडी डब्या पुरल्या होत्या, त्यांना आम्ही ‘कान’ म्हणायचो. कानांच्या तारा एका छपरीत जायच्या आणि तिथली सुई जमिनीचं हलणं कागदावर काढायची.

येडं जातं लावण्याआधी जमीन गप असताना तिची रेघ घ्यायची असायची. त्या वेळी साहेब कुणाला जागचं हलू देत नसत. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते मी फार उशिरा, थोरल्या लेकीच्या पाटीवर शिकलो. पण ती रेघ तेवढी मला वाचता यायची. सरळ गेली की साहेब खूश, वाकडी झाली की आम्हाला शिव्या.

तर त्या सकाळी आम्ही बुजगावण्यासारखे उभे होतो. सुई हळूहळू सरळ झाली. साहेब श्वास रोखून बघत होते.

“भाकरी आणलीया,” त्यांच्या पाठीमागून आवाज आला.

साहेब खुर्चीतून जवळजवळ पडलेच. हौसा डोक्यावर टोपली घेऊन उभी होती.

“बाई! तू आली कुठून?”

“वाटंनं.”

“चालत?”

“मग काय उडत येऊ?” हौसा पदर सावरत म्हणाली.

साहेबांनी कागद वर धरला, खाली धरला. पायवाट एका कानाला अगदी खेटून जात होती. तिथून ही टोपली घेऊन चालत आली आणि रेघ सुतासारखी सरळ.

“बघा बे हिच्याकडे! कागदाला पत्ता नाही. भैरू, उद्यापासून तू घरी भाकरी कर न, हिला कामावर पाठव.”

सगळे हसले. हौसाही हसली. टोपली खाली ठेवता ठेवता तिनं विचारलं, “पर सायेब, माणसाच्या पायानं जमीन हलती व्हय?”

“हाव! हलते म्हणजे? तातोबा, आता आपट पाय. कवाचा शिवशिवून राहिला न तुझा?”

तातोबानं नेम धरून पाय आपटला. सुई कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नाचली.

“बघितलं? चांगला रागानं आपटला न,” साहेब सुपारी चघळत म्हणाले, “तर हिसका पार नदीच्या पल्याड जाते.”

परत हसणं झालं. मी हौसाकडं पाहिलं. ती हसत नव्हती. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती कागदावरच्या त्या नाचलेल्या रेघेकडं बघत होती. मग वळली आणि पायवाटेनं निघून गेली. साहेबांची सुई परत सरळ जात होती. हौसाचं एकही पाऊल तिच्यात आलं नाही.

*

संध्याकाळी खोलीवर आलो तर हौसानं गाठोडं बांधलं होतं.

“उद्या रातच्या गाडीनं तातोबाभाऊजींची मंडळी गावाकडं निघाल्यात. मी त्यांच्यासंगं जाते.”

“का?”

“जाते म्हंजी जाते.”

“अगं, बाळंतपणाला अजून लई दिवस हाईत.”

“बाळंतपणाला न्हाई. मला तिकडंच ऱ्हायाचंय. बाळ झालं की तुमच्या आईच्या हवाली करीन. तुमी दुसरं लगीन करा.”

मी दारातच बसलो. चुलीवर आमटी उकळत होती, तिचा वास मला अजून आठवतो. ज्या बाईला नवरा सोडून जायचं आहे, तिनं माझ्यासाठी आमटीला लसणाची फोडणी दिली होती.

हौसाच्या चालण्याला आवाज नव्हता, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पैंजण तिनं काढून ठेवले. आई म्हणायची, “सून आणलीस का मांजर?” पुढं पुढं आई चेष्टाही करेनाशी झाली. वाडीतल्या बाया कुजबुजायच्या की हिचे पाय भुईला टेकत नाहीत, आणि पाय न टेकणारी कोण असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. हौसा जात्यावर कितीही दळायची, पण मुसळाला हात लावायची नाही. शेजारणीशी सौदा करायची, “मी तुमचं दळते, तुमी माझं कांडा.” धुणंसुद्धा दगडावर आपटायची नाही, नुसतं चोळायची. पंचमीला सगळ्या पोरीबाळी फुगड्या घालायच्या, तेव्हा ही दार लावून आत बसायची. वाडीच्या तोंडापासून लांब न्यावं, म्हणूनच मी तिला कामाच्या गावी आणलं होतं.

मला स्वतःला तिची चाल आवडायची. पहाटे ती कधी उठली ते कळायचं नाही. चहाचा वास आला की समजायचं, हौसा उठली. आता ती नाही. कित्येक हिवाळे झाले. पण चहाच्या वासानं जाग आली की मी अजून आधी चुलीच्या कोपऱ्याकडं बघतो.

“तातोबानं काय वंगाळ बोललं का?” मी विचारलं.

“न्हाई.”

“सायेब बोलला?”

ती चुलीपुढं बसली. तिनं निखारे सारखे केले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “पंचमीचा दीस हुता.”

तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, डोंगराच्या कुशीतलं निवकडा गाव. मोठा भूकंप झाला तेव्हा ती अगदी लहान. घर उभं राहिलं, पण मागची भिंत फुगली आणि तिला तडा गेला. सगळ्याच घरांची ती गत. तिच्या बानं तडा शेणामातीनं लिंपून टाकला. त्यानंतरही तिथली जमीन अधूनमधून हलायची. भांडी वाजायची, लोक अंगणात यायचे, थांबलं की परत कामाला लागायचे. सवयच झाली होती.

“आई नामूला पाळण्यात घालून वारुळाला निघाली. नामू धाकटा भाऊ माझा. मला म्हनली, ह्याच्याजवळ बस. भाईर पोरी फुगड्या घालत हुत्या, मला हाका मारत हुत्या. मी म्हनलं, मला न्हाई बसायचं. सारखं मीच काय म्हनून? ती ऐकंना, गेली निघून. मग मी उंबऱ्याच्या भाईर आले आन् पाय आपटला. जीव खाऊन आपटला. आन् माझा पाय भुईला लागला, तशी भुई हलली.”

आमटी उतू जायला लागली होती. तिनं ती उतरवली.

“भित आत पडली. पाळण्यावर.”

आमच्याकडं पंचमीला जमीन खणत नाहीत, नांगर धरत नाहीत, विळीसुद्धा चालवत नाहीत. भुईच्या पोटात नाग असतो, त्या दिवशी तिला दुखवायचं नाही.

“बाची भन, माझी आत्ती, रडता रडता म्हनली, पोरीनं पंचमीला भुईला लाथ घातली. आईनं ऐकलं, गावानं ऐकलं.”

“आन् तुझा बा?”

“बा काय बोलला न्हाई. त्या दिवशी न्हाई, नंतर न्हाई. आजवर एक शबूद बोलला न्हाई.”

“अगं पर,” मला एकदम सुचलं, “त्या दिवशी समद्या गावाच्या पोरी फुगड्या घालत हुत्या. त्यांचे पाय काय आभाळात हुते?”

“त्या खेळत हुत्या,” हौसा म्हणाली. “मी रागानं आपटला. भुईला कळतं.”

मी दारातून उठून चुलीपाशी येऊन बसलो.

“मी मनाला समजवायची, एवढ्याशा पोरीच्या पायानं काय हुतंय. आत्तीचं तोंडच तसलं. पर आज सायबानं दाखिवलं. शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलंल? रागानं आपटला तर नदीपल्याड जातंय म्हनला.” तिनं पोटावर हात ठेवला. “आन् आता ह्ये. ह्याला सांभाळताना मला कधी राग येणारच न्हाई व्हय?”

*

सकाळी धुक्यातच मी साहेबांच्या छपरीत गेलो. सगळं सांगितलं. मोहरील साहेब ऐकताना सुपारी चघळायचे थांबले. मग बाहेर जाऊन थुंकून आले.

“मी मस्करी केली बे.”

“व्हय सायेब.”

“नदीच्या पल्याड जाते म्हणालो मी?”

“म्हनला.”

ते मफलर सोडत आणि बांधत राहिले. “आण तिला.”

“यायची न्हाई.”

“म्हणावं, साहेबाला माफी मागायची आहे. त्याला कोणीही येते.”

हौसा आली. गाठोडं काखेत घेऊनच आली. साहेबांनी तिला आपल्या खुर्चीत, सुईसमोर बसवलं आणि माफी मागायचं विसरून गेले.

“हे बघ बाई. भैरू पाय आपटंल. तू सुई बघ.”

मी कानाजवळ आपटला. सुई नाचली. वाळूच्या ढिगापाशी जाऊन आपटला. सुई जरा शहारली. शेताच्या बांधावर एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली जाऊन आपटला आणि परत आलो.

“काही दिसलं?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“ह्यो मऊ माणूस हाय,” हौसा म्हणाली. “ह्यांचा राग कुठं खरा असतोय?”

तातोबा फिसकन हसला. साहेब मात्र गंभीरपणे मान हलवून म्हणाले, “हे बरोबर. प्रयोगात माणूस चुकीचा घेतला. मग तूच जा निंबाखाली.”

“मी?”

“राग तुझा आहे न?”

ती बसून राहिली. तिच्या हाताची बोटं गाठोड्याच्या गाठीत अडकली होती. मला वाटलं, आता ही उठून सरळ तातोबाच्या मंडळींकडं जाणार. ती उठली. गाठोडं खुर्चीवर ठेवलं आणि निंबाच्या दिशेनं चालू लागली, नेहमीसारखी, आवाज न करता.

झाडाखाली ती लहानशी दिसत होती. साहेबांनी सुईवर डोळे लावले. मी मात्र तिच्याकडंच बघत होतो. तिनं डोळे मिटले. दोन्ही मुठी आवळल्या. मग उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि असा आपटला, की निंबावरचे पोपट उडाले.

“आपट न बाई!” साहेब छपरीतून ओरडले.

हौसानं डोळे उघडले. “आपटला की!”

“काय?”

“आपटला!”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तातोबानंही हलवली. साहेब परत सुईवर वाकले. “परत आपट!”

तिनं परत आपटला. मग परत. मग कुणी न सांगता, दोन्ही पायांनी, पदर खांद्यावरून ओघळला तरी. तिच्या पायाखालची धूळ इथून दिसत होती. ती काहीतरी बोलतही होती, पण ते आम्हाला ऐकू आलं नाही आणि मी पुढं कधी विचारलं नाही.

दमून ती परत आली, तेव्हा साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

“ह्यात मी कुठं हाय?”

“कुठंच नाही,” साहेब म्हणाले.

ती रेघेवरून बोट फिरवत गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “ह्येवढं आपटलं ते कुठं गेलं मग?”

“जमिनीनं पिऊन टाकलं. वरचं सगळं ती अशीच पिते. तुझं पिते, माझं पिते. आता याचं बघ.” त्यांनी येड्या जात्याकडं बोट दाखवलं. “तांब्याभर पाणी घे आणि जा परत झाडाखाली. मी याला राग आणतो.”

हौसानं तांब्या काठोकाठ भरला आणि निंबाच्या मुळाशी जमिनीवर ठेवला. त्याच्यापुढं उकिडवी बसली. मी तिच्या शेजारी. तातोबानं एक बादली भरून ठोकळ्यावर ठेवली.

येडं जातं हळूहळू फिरू लागलं. घरघर वाढत गेली. एका विशिष्ट चालीला आलं आणि ठोकळा पिसाटल्यासारखा डुलायला लागला, बादलीतलं पाणी हबके मारून बाहेर पडलं. साहेबांनी चाल आणखी वाढवली, तर गंमत अशी की यंत्र जास्त धावत होतं आणि ठोकळा मात्र निवत गेला. परत चाल त्या जागी आणली, परत डुलायला लागला. निम्मी बादली रिकामी झाली.

हौसाच्या तांब्यातल्या पाण्यात निंबाची फांदी दिसत होती. ती स्वच्छ दिसत होती, जराही हलत नव्हती.

हौसा उभी राहिली. “आणखी जोरात लावा!”

“एवढंच आहे त्याच्यात!” साहेब ओरडले.

“एवढंच?”

“एवढंच!”

ती परत खाली बसली आणि तांब्याकडं बघत राहिली. यंत्र थांबलं तरी बघत होती. मग तांब्या उचलून तिनं ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

साहेब चालत आमच्याकडं आले. बांधावर बसले. हौसानं विचारलं, “मग सायेब, आमची भित का पडली?”

“जमीन हलली खालून. फार खालून. तिथं वर कोण फुगडी घालते, कोण रुसते, काही पोचत नाही. पण खालून आलेला हिसका वर येते तेव्हा जमिनीची एक चाल असते. घराचीही आपली एक चाल असते. आता पाह्यलं न ठोकळ्याचं? दोघांची चाल एक झाली की घर जास्त हलते. आणि जड घर असलं, जमीन मऊ असली, तर घरही जमिनीला ओढते. एकटं कोणी हलत नाही.” ते थांबले. “संसारात म्हणे चाल एक झाली की बरं असते. माझं लग्न नाही झालं, मला ठाऊक नाही.”

तातोबा लांबून ऐकत होता. म्हणाला, “बरं असतंय म्हननारा बी खोटंच बोलतोय सायेब.”

हौसाला हसू आलं नाही. “पर ती एकच भित का?”

“भैरू सांगत होता, तडा होता न तिला? मातीत रचलेले धोंडे. तडा असला की प्रत्येक धोंडा आपल्या वाटेनं जाते. कोणी बुजवला होता तडा?”

“बानं लिंपला हुता.”

एवढं बोलली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनाही कळलं. ते घाईनं म्हणाले, “त्याचा दोष नाही बाई. त्या डोंगरात सगळ्यांनी असंच लिंपलं असंल. काय करणार होता बिचारा?”

पण हौसा आता त्यांचं ऐकत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

“अवं,” ती म्हणाली, “बा भिती चाचपतो.”

मला ते दिसलं. माझा सासरा आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा बसायच्या आधी घरभर फिरला होता. तळहात टेकवत, प्रत्येक भिंतीवरून. आईनं गूळपाणी पुढं केलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. “व्याही भिती इकत घ्यायला आल्यात जणू,” म्हणून आम्ही पोट धरून हसलो होतो. जिथं जाईल तिथं तो असं करायचा. लग्नाच्या मांडवातून उठून त्यानं देवळाची भिंत चाचपली होती. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

“मला वाटायचं, माझ्यावरचा राग त्यानं गिळलाय,” हौसा म्हणाली. “म्हनून बोलत न्हाई.”

ती उठली. निंबाच्या खोडाला टेकून रडली. साहेब उठून उगाच एका कानाची माती नीट करायला गेले आणि जाताना तातोबालाही कॉलर धरून घेऊन गेले.

*

दुपारी आम्ही खोलीकडं निघालो. साहेबांनी मला सुट्टी दिली होती. जाताना त्यांना माफीची आठवण झाली, तेव्हा ते म्हणाले, “बाई, कालची भाकरी छान होती.” हौसा म्हणाली, “काल तुमी खाल्लीच न्हाई.” साहेब म्हणाले, “हाव, ते पण आहे.”

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुलली होती. हौसा पुढं, मी मागं. गाठोडं अजून तिच्या काखेत होतं, आणि माझा सगळा जीव त्या गाठोड्यात.

“सोडायचं का त्ये?” शेवटी मी विचारलं.

“न्हाई. मी जाते.”

मी वाटेतच उभा राहिलो.

“बाला सांगून येते,” ती म्हणाली.

“काय सांगनार?”

“भुई खालनं हलती म्हनून. किती खालनं, ते सायबाला नीट इचारून घ्या. बा इचारंल.”

“आन् मग?”

“मग काय? येते. तवर तुमी आन् तातोबाभाऊजी करून खावा.” जरा पुढं गेल्यावर ती स्वतःशीच हिशेब करावा तशी म्हणाली, “जातेच हाय तर लोणच्याची बरणी नेते. निम्मीअर्धी हाय, ती तुमाला वाटीत काढून ठिवते. आईकडनं भरून आणते.”

मी उगाच खाकरलो.

“काय झालं?”

“बरणी रिकामी हाय.”

ती थांबली आणि वळली. “रिकामी? मी झाकण बांधून ठिवलीया.”

“झाकण आमीच परत बांधलं. गँगीतल्या पोरांना गावाची आठवण यायला लागली हुती, म्हनून थोडं थोडं…”

“थोडं थोडं? माझ्या आईनं आगगाडीत मांडीवर धरून न्ये म्हनून दिलेलं लोणचं! आन् तुमी त्या तातोबाच्या टोळक्याला…”

आणि तिनं पाय आपटला.

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. ती खाली बघत होती. मीही खाली बघत होतो. पायवाटेवरची थोडी धूळ उडाली आणि बसली. मोहरीवरून एक टिटवी ओरडत नदीकडं गेली. लांब छपरीत साहेबांची सुई चालू असेल का, असं माझ्या मनात आलं. असली तरी आम्ही फार पुढं आलो होतो.

हौसानं हळूच दुसरा पाय उचलला. तो आपटला नाही, नुसता ठेवला. पण पुरता ठेवला, टाचेपासून.

मला हसू फुटलं.

“हसू नगा,” ती म्हणाली. “लोणच्याचं मी इसरनार न्हाई.”

आणि वळून चालू लागली. माघातली वाट कोरडी खणखणीत होती. मी चार पावलं मागंच राहिलो, मुद्दाम. माझ्या बायकोची पावलं वाजत होती.